चाळीस पॉपलर

ओश-पुलावाची कढई घासून पालथी घातली, मुल्लासुद्धा आपल्या वाट्याचं नान रुमालात बांधून गेला, तरी तुर्गुन उठला नाही. तेव्हाच रिसोलतने ओळखलं, हा माणूस आता तोंड उघडणार.

बापाला, मामासोलीला, जाऊन वर्ष झालं होतं. पहाटेच्या वर्षाच्या जेवणाला दीडशे माणूस आलं. दीडशे जणांनी त्याच्या नावाने दुआसाठी हात उचलले, आणि जाताना त्यातल्या निम्म्यांनी अंगणापलीकडच्या पॉपलरच्या रांगेकडे मान वर करून पाहिलं. "लाकूड तयार झालं बरं का," म्हणाले. एकाने तर बुंध्याला मिठी मारून घेर मोजला. मेलेल्याचं जेवायचं आणि त्याच्याच लाकडाचा अंदाज घ्यायचा, ही आमच्या सायबोयी मोहल्ल्याची रीत. कुणाला त्यात काही वाटत नाही.

द्राक्षवेलीच्या मांडवाखाली लाकडी ओट्यावर आता घरचेच उरले होते. म्हातारी आई, ओयी, उशीला टेकून बसलेली, शेजारी थोरला तुर्गुन, समोर धाकटा ओदिल. ओदिलची बायको मतलुबा किटलीतून चहा ओतत होती. वेलीला अजून पान नव्हतं, त्यामुळे मांडवातून आभाळ सरळ दिसत होतं आणि आभाळात पॉपलर.

रिसोलत, दोघांच्या मधली बहीण, बसली नाही. ती मागच्या खोलीत जाऊन यंत्राचा काटा बघून आली. खोलीत सहाशे अंडी उबत होती. अकरावा दिवस. काटा जागेवर होता.

"बस की जरा," तुर्गुन म्हणाला. "अंडी काही पळून जात नाहीत."

"अंडी पळत नाहीत, अका," ती थोरल्या भावाला म्हणाली. "लाईट पळते."

मतलुबाला हसू आलं, ते तिने किटलीत लपवलं.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत लाईट पळाली होती. अशी थंडी सायबोयीत कुणी पाहिली नव्हती. गॅस गेला, मागोमाग लाईट गेली, ती एकोणीस तास आली नाही. रिसोलतने गोधड्या गुंडाळल्या, गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, शेवटी स्वतः यंत्राला पोट लावून बसली. एकोणिसाव्या दिवसाची अंडी होती. आणखी दोन दिवसांत फुटली असती. नंतर तिने एकेक फोडून बघितलं. आत पिल्लं पूर्ण झालेली, अंगावर लव, चोची कवचाला टेकलेल्या. साडेपाचशे. तिने ती सगळी पाहिली, एकही न बघता फेकलं नाही. त्या दिवशी तिने ठरवलं होतं की पुन्हा असं होणार नाही. माहेरी परत आलेल्या बाईला रडायला भरपूर जागा देतात, ठरवायला देत नाहीत. म्हणून ती कुणाला काही बोलली नव्हती.

मग मोहल्ल्याच्या ऑफिसात 'उन्हाचं घर' योजनेचं पोस्टर लागलं. निळं छप्पर, वर हसरा सूर्य, खाली आजोबा, बाप, नातू. एक बाई होती. तिच्या हातात फळांची थाळी होती. रिसोलतने ते पोस्टर पाहिलं आणि पहिला अर्ज तिने भरला. सरकार हप्त्याने पॅनल देतं, उरलेली वीज विकत घेतं. एकच अडचण, अर्जावर घरमालकाची सही लागते. बापानंतर घर धाकट्या मुलाचं, म्हणजे ओदिलचं. आणि ओदिल शाळेत भूगोल शिकवत असला तरी घरात त्याला कुठली दिशा नव्हती. सकाळी बायको सांगेल ती पूर्व, संध्याकाळी थोरला भाऊ सांगेल ती.

बायकोने काय सांगितलं होतं ते रिसोलतने त्याच आठवड्यात भिंतीपलीकडून ऐकलं होतं. "तिचं पॅनल एकदा छपरावर चढलं ना, मग ती खाली उतरायची नाही. जन्मभर आपल्याच अंगणात."

गेल्या मंगळवारी योजनेचा इल्योस नावाचा पोरसवदा इंजिनियर आला. शिडी लावून सिमेंटच्या पत्र्यांवर चढला, खाली उतरला आणि रिसोलतला 'ओपा', म्हणजे ताई, म्हणत पॉपलरकडे बोट केलं. "ही झाडं दक्षिणेला आहेत. दुपारनंतर निम्मं छप्पर सावलीत. लग्नाच्या मांडवातल्या माळेचा एक दिवा गेला की सगळी माळ मंदावते, तसं आहे हे. झाडं असतील तर मी नापास लिहिणार. आणि ओपा, लाईट गेल्यावर यंत्र चालवायचं असेल तर बॅटरी वेगळी लागेल. नाहीतर लाईट गेली की पॅनलही झोपतं. बॅटरी योजनेत नाही." शुक्रवारी तीन वाजता परत येतो म्हणाला, शनिवारी यादी बंद.

आज शुक्रवार होता.

तुर्गुनने पियाला पालथा घातला, घसा साफ केला. "झाडं पाडायला माझी ना नाही."

रिसोलतने त्याच्याकडे पाहिलं. ती भांडायची तयारी करून आली होती आणि समोरचं दार उघडंच निघालं. असं दार उघडं दिसलं की आधी पायरी चाचपून बघावी.

"पाडा," तुर्गुन म्हणाला. "अजून आठ दिवसांत रस चढेल, मग लाकडाला किडा लागतो. आज-उद्याच पाडा. लाकूड माझ्या अझमतच्या घराला जाईल. शरद ऋतूत त्याचं लग्न आहे."

"अझमतच्या?" ओदिलने विचारलं.

"मग कुणाच्या? मुलगा झाला की बाप चाळीस पॉपलर लावतो, मुलाचं लग्न होईपर्यंत त्याच्या तुळया होतात. माझे चाळीस माझ्या छतात गेले. तुझे उभे राहिले, कारण तुला आयतं घर मिळालं. घरही तुलाच आणि पॉपलरही तुलाच, असं कुठे असतं का? मी शहरात राहिलो, अझमतच्या नावाने झाडं कुठे लावणार होतो, गाड्या धुवायच्या फरशीत? पहिला नातू आहे तो. त्याचा हक्क आहे."

ओदिल म्हणाला, "तसं बघितलं तर अका बरोबर बोलतायत."

"तसं बघू नकोस," रिसोलत म्हणाली. "सरळ बघ. लाकूड विकून मी बॅटरी घेणार आहे."

"तू?" तुर्गुन हसला. मोठ्याने नाही. तो कधीच मोठ्याने हसत नाही, तेवढी तसदी तो बहिणीसाठी घेत नाही. "पॉपलर मुलाचे असतात, रिसोलत. तुला पाठवताना तुझा हुंडा, गोधड्या, भांडी सगळं गेलं. ते तू तिकडे सोडून परत आलीस, तो बापाचा दोष नाही."

"तुमच्या कार-वॉशच्या छपरावर गेल्या वर्षी पॅनल चढली. याच योजनेतून."

"तो धंदा आहे."

"आणि माझा काय उरूस आहे?"

मतलुबाने मान वर केली नाही, पण विचारलं, "अका, घर बांधणार कुठे अझमतचं?"

"कुठे म्हणजे? झाडं पडली की ती पट्टी मोकळीच होते. दोन मजली काढू. सोबत होईल तुम्हाला."

किटलीची धार थांबली. मतलुबाने अंगणाच्या त्या टोकाकडे पाहिलं. तिथे तिच्या काकड्यांचे वाफे होते, तिच्या दोन पोरींचे कपडे वाळत होते. तिने तिथे दोन मजले उभे केलेले रिसोलतला तिच्या डोळ्यांत दिसले. वरच्या मजल्याच्या खिडकीत शहरातली जाऊबाई, खाली वाकून बघणारी.

"म्हणजे दक्षिणेला भिंत," मतलुबा हळू म्हणाली. "झाडाची सावली निदान हलते तरी."

"केलिन," तुर्गुन भावजयीला म्हणाला, "पुरुष बोलतायत."

"बोला की. चहा मीच ओततेय, कान कुठे ठेवू?"

ओदिलने दचकून बायकोकडे पाहिलं. त्याची पूर्व दिशा बदलत होती.

रिसोलत उठली. खोलीत गेली, पोत्याखालून एक लाकडाची चकती काढून घेऊन आली आणि ओट्यावर नान ठेवायच्या कापडावर ठेवली. थाळीएवढी रुंद, करवतीने सरळ कापलेली, घासून गुळगुळीत केलेली.

"फेब्रुवारीच्या वाऱ्यात टोकाचा एक पॉपलर पडला. सरपणाला कापताना ही ठेवून दिली. अका, चष्मा लावा आणि मोजा."

"काय मोजू?"

"वर्तुळं. एका वर्षाचं एक. तुम्ही लाकडातले जाणकार, घराचं बोलताय."

तुर्गुनने आधी नको म्हटलं. मग सगळे बघतायत म्हटल्यावर त्याने दात कोरायची काडी घेतली आणि मधून सुरुवात केली. आठ, नऊ, दहा. काडी सरकत होती. वीस. ओयीने डोळे मिटले होते. तिसाच्या पुढे गेल्यावर तुर्गुनची काडी मंदावली, आणि सालीपाशी येऊन थांबली.

"किती झाली?" रिसोलतने विचारलं.

"पस्तीस की काय. शेवटची बारीक आहेत."

"मी चार वेळा मोजली. पस्तीसच. ओदिल, तुझं वय?"

"एकतीस, ओपा."

"तू जन्मायच्या आधी चार वर्षं बापाने तुझ्यासाठी झाडं लावली? एवढा दूरचा विचार करणारा माणूस होता तो?" तिने चकतीवर बोट ठेवलं. "मला मे महिन्यात पस्तीस पूर्ण होतात."

गल्लीतून दहीवाली ओरडत गेली.

"रोपं वाढलेली आणली असतील," तुर्गुन म्हणाला. "चार वर्षांची."

"चार वर्षांचा पॉपलर घराएवढा होतो," ओयी म्हणाली. डोळे अजून मिटलेलेच. "असे चाळीस खांद्यावर कोण आणतो?"

सकाळपासून ती पहिल्यांदा बोलली होती. दुआ मागतानाही तिचे नुसते ओठ हलले होते.

"मी सात महिन्यांची होते," ती म्हणाली. "दाई म्हणाली, पोट पुढे आहे, मुलगाच. तुमच्या बापाला थांबवलं नाही. मार्च होता. नदीकाठून फांद्या तोडून आणल्या, चाळीस मोजून. त्याने खड्डे घेतले. फांद्या सरळ धरायला तू होतास, तुर्गुन. अकरा वर्षांचा."

"अकरा वर्षांच्या पोराला काय आठवणार, ओयी."

"सायकल आठवते तुला. तांबडी. कुणी चोरली तेही आठवतं. त्याच वर्षीची ती."

तुर्गुनने काडी मोडली.

"मग ही झाली. तुमचा बाप वाईट नव्हता. पण लाजला. सगळ्या मोहल्ल्याला सांगून बसला होता ना. झाडांकडे फिरकला नाही. आणि बाराव्या दिवशी पाण्याची पाळी आली. पाट भरून वाहत होता आणि तो आत पडून राहिला. फांद्या सुकायला लागल्या होत्या. मी चिल्ल्यात होते. चाळीस दिवस बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नसतो. मी कुदळ घेतली आणि गेले. एकेका फांदीला पाणी दाखवलं. परत आले तर सासूने मला आठ दिवस बोल लावले, या बाईने पोरीवर संकट आणलं म्हणून." तिने डोळे उघडले आणि रिसोलतकडे पाहिलं. "तुझं लग्न मोडलं तेव्हाही मला वाटलं, त्याच पाण्याने झालं असेल."

रिसोलतला राग आला, पांढरा, स्वच्छ राग. पस्तीस वर्षं ती त्या झाडांखालून पाण्याला गेली, शाळेला गेली, नवरीच्या गाडीत बसून गेली, आणि अकरा वर्षांपूर्वी एक पिशवी घेऊन परत आली. दर वेळी कुणी ना कुणी म्हणायचं, बघा ओदिलचे पॉपलर किती वाढले.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू परत आलीस तेव्हा सांगायचं होतं. तुझा बाप म्हणाला, तिला कळलं तर ती मागेल."

"मग?"

"मग काय. त्याचं खरंच झालं. मागतेयस ना." ओयीने हात पुढे केला. "मतलुबा, चहा दे. गार नको."

तीन वाजता इल्योस आला. वर्षाच्या जेवणाचं घर बघून त्याने आधी हात उचलून दुआ केली, मग हातातला टॅबलेट उघडला, मग पॉपलरकडे आणि छपराकडे पाहिलं. छपराच्या पत्र्यांवर काळे पट्टे आडवे पडले होते.

"तशीच आहेत," तो म्हणाला.

"पाडणार आहोत," रिसोलत म्हणाली.

"ओपा, तोंडी वचन या फॉर्ममध्ये बसत नाही. सगळी आज नकोत. पण सुरुवात झालेली मला दिसली पाहिजे, तर मी 'काम चालू' लिहू शकतो. या गल्लीत अजून दोन घरं आहेत. तासाने येतो. जे दिसेल ते लिहीन."

तो गेला. तुर्गुन म्हणाला, "आज वर्षाचा दिवस आहे. बापाच्या झाडाला आज करवत लावायची? लोक काय म्हणतील?"

"लोक सकाळीच माप घेऊन गेले, अका."

ती शेडमध्ये गेली. बापाची सोव्हिएत काळातली यांत्रिक करवत कोपऱ्यात टांगलेली होती. तिने महिनाभर आधीच तेल घातलं होतं, साखळीला धार लावून आणली होती. दोरी ओढली, चौथ्या ओढीला करवत खोकली आणि चालू झाली. अंगणातल्या कोंबड्या पांगल्या.

ओदिल मागे आला. "ओपा, सही मी करतो. पण..." तो थांबला. करवतीच्या आवाजात त्याचा 'पण' कुणाला ऐकू गेला नाही. बरंच झालं. त्याचे निम्मे 'पण' असेच वाया गेले असते तर घर कधीच मार्गी लागलं असतं.

तिने छपराच्या अगदी समोरचा बुंधा निवडला. बुडापाशी वाकून पहिली खाच घ्यायला लागली. भुसा गुडघ्यांवर उडत होता, ओला, काकडीच्या सालीसारखा वास. ओट्यावर तुर्गुन पाठ फिरवून बसला होता. त्याने मुद्दाम पाठ फिरवली होती, पण मान वळत होती. शेवटी तो उठला आणि ताडताड चालत आला.

"थांब! बंद कर ते. खाच उलटीकडे घेतेयस. छपरावर आणशील सगळं. तुझं पॅनलही जाईल आणि आईही."

तिने करवत बंद केली.

"बागेच्या बाजूला खाच. इथे. आणि दोरी कुठाय? दोरीशिवाय पॉपलर पाडतात? कुणी शिकवलं तुला?"

"कुणीच नाही. हे पोरांना शिकवतात."

मग त्याने कोटाच्या बाह्या वर केल्या, ओदिलला शिडी लावायला लावली, दोरी वरच्या फाट्याला अडकवायला लावली, आणि टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं.

"मी तुझ्या बाजूने नाही," तो म्हणाला. "हे लक्षात ठेव."

"नका होऊ. दोरी धरा."

तिने नवी खाच घेतली. मग मागून कापायला लागली. बुंध्यातून एक कडकडाट झाला, तुर्गुन ओरडला "बाजूला," आणि दोघे भाऊ मागे रेलले. पॉपलर आधी हललाच नाही. मग त्याचा शेंडा आभाळात एका बाजूला सरकला, आणि पुढचं सगळं बागेत येऊन आपटलं. जमीन हादरली. मतलुबाचा काकड्यांचा एक वाफा गेला. तिने तोंडाला हात लावला, पण वाफ्यासाठी बोलली नाही.

छपरावरचा एक काळा पट्टा नव्हता. तिथे पत्रा पांढरा दिसत होता, इतका की डोळे बारीक करावे लागले.

इल्योस आला तेव्हा तिसरा पॉपलर खाली होता. त्याने शिडीवर चढून पाहिलं आणि टॅबलेटवर बोट चालवलं. ओदिलने सही केली. रिसोलतने स्वतःच्या हाताने लिहिलेला आणखी एक कागद त्याच्यापुढे ठेवला. मागची खोली, बॅटरी आणि उभे-पडलेले सगळे पॉपलर मामासोलीची मुलगी रिसोलत हिचे. ओदिलने तोही दोनदा वाचला आणि सही केली. ओयीने नाव लिहिलं, वेळ लावून, एकेक अक्षर.

"अका, साक्षीदार म्हणून?"

"नाही," तुर्गुन म्हणाला. त्याच्या मनगटावर दोरीचा तांबडा वळ उठला होता. "अझमतला मी काय सांगू?"

"खरं सांगा. तुमच्या लहानपणचं."

तो गाडीत जाऊन बसला. मतलुबाने ओशचा डबा खिडकीतून आत दिला. डबा त्याने घेतला. सही केली नाही ती नाहीच. गाडी गेली.

रिसोलत यंत्राचा काटा बघून परत आली तर मतलुबा पडलेल्या झाडाच्या शेंड्यात उकिडवी बसली होती. हातात विळा. अंगठ्याएवढ्या जाडीच्या सरळ फांद्या ती छाटत होती आणि पाण्याच्या बादलीत उभ्या करत होती. ओठ हलत होते, मोजत होती.

ओदिल म्हणाला, "आता हे कशाला? आपल्याला कुठे मुलगा आहे?"

"दोन मुली आहेत तुम्हाला," मतलुबा म्हणाली. "ऐंशी लागतील. उत्तरेच्या भिंतीकडे लावा. तिकडून छपरावर सावली पडत नाही. हो ना, ओपा?"

"नाही पडत," रिसोलत म्हणाली. तिने डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने करवतीचा भुसा पुसला आणि दुसरा विळा शोधायला लागली.

ओटा पार उन्हात आला होता. ओयी उशी सोडून सरळ बसली होती, अंगावर ऊन घेत.

"बुधवारी पाण्याची पाळी आपली आहे," ती म्हणाली. "या वेळी ओदिल जाईल."